हो म्हणाल्या, पण आल्या नाहीत

पत्र थोडक्यात असं आहे. मूळच्या नाशिकच्या एक वाचक नवऱ्याच्या नोकरीमुळे सात महिन्यांपूर्वी थायलंडमधल्या खोन केनला राहायला गेल्या. वय ३६, मूलबाळ नाही, घरात शाकाहार. व्हिसा नवऱ्यावर अवलंबून असल्यामुळे नोकरी करता येत नाही. "सगळे हसतात, पण ओळख हसण्यापुढे जात नाही. शेजारच्या बाईंना मी दोनदा रात्रीच्या जेवणाला बोलावलं. दोन्ही वेळा त्या हो म्हणाल्या आणि दोन्ही वेळा आल्या नाहीत. साडेआठला पानं मांडून आम्ही बसून राहिलो. माझं काय चुकतंय, की इथे परक्याला कुणी जवळच करत नाही?"

त्या दोन रात्री तुमच्या मनाला लागल्या आहेत, म्हणून आधी त्यांच्याबद्दल. शेजारीणबाई बहुतेक 'खा' म्हणाल्या असतील. थाई बायकांच्या बोलण्यातला हा 'खा' होकार असतो, तसाच नुसता हुंकारही असतो. 'ऐकलं हं' एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. तोंडावर 'नाही' म्हणून समोरच्याला खट्टू करायचं नाही, हे तिथे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. त्यात भर 'क्रेंग-चाई'ची. आपला 'भीड' हा शब्द त्याच्या सगळ्यात जवळचा. आपल्यापायी दुसऱ्याला खर्च, दगदग, अवघडलेपण नको, ही ती भीड. परदेशी बाई एवढा स्वयंपाक मांडणार, मला इंग्रजी येत नाही, तिला थाई येत नाही, नवराबायकोसमोर मी एकटी दोन तास काय बोलू, रिकाम्या हातानं कशी जाऊ, आणि घास घशाखाली उतरला नाही तर उठू कशी? एका 'खा'च्या मागे एवढं सगळं असतं. शिवाय साडेआठची वेळ. लहान थाई शहरात संध्याकाळी सहा-सातला लोकांची जेवणं आटोपतात.

चूक आमंत्रणाच्या घडणीत होती आणि ती सुधारता येते. पहिल्या ओळखीत घरी जेवायला बोलावू नका, बाहेर बोलवा. रात्री नको, संध्याकाळी पाच-सहाला. एकटीला नको, 'तुमच्या बहिणीला, मैत्रिणीला घेऊन या' म्हणा. पुढच्या शनिवारचं नको, उद्याचं किंवा परवाचं सांगा; लांबच्या तारखेला 'खा' म्हणणं फार सोपं असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निघून जायची वाट मोकळी ठेवा.

असं येता-जाताचं आमंत्रण तुमच्या घरात दरवर्षी तयारच असतं, ते म्हणजे गणपती. थायलंडमध्ये गणपतीला 'फ्रा फिखनेत' म्हणतात, म्हणजे आपला विघ्नेश. तिथल्या ललित कला विभागाच्या बोधचिन्हावर तो आहे, आणि घरांत, दुकानांतही त्याची मूर्ती पुष्कळदा दिसते. येत्या भाद्रपदात दीड दिवसाचा का होईना, बसवा. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या कुणाकडून तीन ओळी थाईत लिहून घ्या: अमुक तारखेला दुपारी चार ते सात फ्रा फिखनेतच्या दर्शनाला या, खाऊ आहे, दहा मिनिटं आलात तरी आनंद. ही चिठ्ठी शेजारच्या चार-पाच घरी स्वतः हातात द्या. जेवायला न आलेल्या बाई दर्शनाला येण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे, कारण इथे काय करायचं ते त्यांना माहीत आहे: हात जोडायचे, फूल वाहायचं, खाऊ घ्यायचा, निघायचं. कुणी मोगऱ्याची 'फुआंग मालाय' घेऊन येईल, कुणी केळी. मालाय म्हणजे आपली माला.

मोदकांचं साहित्य तिथल्या बाजारात सहज मिळतं. ओलं खोबरं मंडईत खवूनच मिळतं. पिठाच्या बाबतीत मात्र जपा. तीन सोंडांच्या हत्तीच्या छापाची पिठाची पाकिटं सगळीकडे असतात. लाल अक्षरांचं साध्या तांदळाचं, हिरव्या अक्षरांचं चिकट तांदळाचं. उकडीला लाल घ्या. हिरवं घेतलंत तर पारी हाताला चिकटते आणि वाफवल्यावर मोदक बसतो. गुळाऐवजी ताडाची किंवा नारळाची साखर मिळते; ती मऊ असते आणि जास्त पाणी सोडते, म्हणून दोन वाट्या खोबऱ्याला वाटीभर नको, पाऊण वाटीच घाला आणि सारण कढईची कड सोडेपर्यंत परता. 'खनोम तोम' नावाचा तिथला पदार्थही तांदळाच्या पिठाचा, आत गोड खोबरं असलेला, त्यामुळे मोदक कुणाला परका वाटणार नाही. येणाऱ्याच्या हातावर एकच ठेवा आणि जाताना पिशवीत दोन बांधून द्या. विसर्जन घरी बादलीत करा, शहरातल्या तळ्यात नको.

पण सणावारी भरलेलं घर दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकामं होतं. तुमचा खरा प्रश्न आठवड्याच्या बाकीच्या दिवसांचा आहे, आणि त्याचं उत्तर हजेरी हेच. लहान थाई शहरात मैत्री गप्पांमधून सुरू होत नाही. एकाच जागी, एकाच वेळी, तुमचा चेहरा पुनःपुन्हा दिसतो, मग एक दिवस कुणी विचारतं, काल का नाही आलात? तो प्रश्न येईपर्यंत जायचं. त्यासाठी दोनच जागा निवडा आणि किमान तीन महिने त्या सोडू नका. लोक इथेच घसरतात: एका आठवड्यात योग, दुसऱ्यात चित्रकला, तिसऱ्यात कॉफी शॉप. प्रत्येक ठिकाणी ते कायम पहिल्या दिवसाचे पाहुणेच राहतात.

पहिली जागा तुमच्या शहरात आयती आहे. बुएंग केन नखोन तळ्याची फेरी साधारण चार किलोमीटरची. ऊन उतरलं की तिथे चालणारे, धावणारे जमतात आणि मोकळ्या जागेत लाउडस्पीकर लावून सामुदायिक एरोबिक्स होतं. नावनोंदणी लागत नाही. मागून दुसऱ्या किंवा तिसऱ्या रांगेत, कडेची एक जागा धरा आणि रोज तिथेच उभ्या राहा. आजूबाजूच्या बायकांच्या जागाही ठरलेल्याच असतात. पंधरा मिनिटं आधी पोहोचा आणि संपल्यावर पंधरा मिनिटं रेंगाळा, कारण संगीत चालू असताना कुणी बोलत नाही. ओळखी होतात त्या बूट बांधताना आणि पाणी पिताना. ठीक सहाला राष्ट्रगीत वाजतं. तेव्हा चालणारेही जागच्या जागी थबकतात. तुम्हीही थांबा, फोन खाली करा. मार्च ते मे उन्हामुळे मंडळी पहाटे येतात, आणि पावसाळ्यात संध्याकाळची सर आली की कार्यक्रम रद्द. अशा वेळी पत्र्याखाली वीस मिनिटं सगळ्या एकत्र उभ्या राहतात. घरी पळू नका; बोलणं सुरू व्हायला ती वेळ फार चांगली.

दुसरी जागा बॅडमिंटनची. थाई शहरांत बॅडमिंटन खेळणाऱ्यांचे ठरलेले गट असतात, त्यांना 'कुआन' म्हणतात. ठरलेले वार, ठरलेलं कोर्ट, कोर्टाचं भाडं वाटून घ्यायचं आणि जेवढी फुलं (शटलकॉक) वापरली तेवढ्यांचा हिशोब शेवटी. हॉलमध्ये जाऊन काउंटरवर विचारा, नवशिक्यांचा कुआन कोणत्या वारी असतो. नवशिक्याला तिथे 'म्यू माय' म्हणतात, शब्दशः नवा हात. मग गटाजवळ जाऊन म्हणायचं, 'खो लेन दुअय दाय माय खा?' म्हणजे मलाही खेळता येईल का? स्वतःची रॅकेट आणि कोर्टवर डाग न पाडणारे बूट हवेतच. पहिल्या दिवशी फुलांची एक नळी घेऊन गेलात तर फार चांगलं दिसतं. पैसे कुणी मागायची वाट पाहू नका, किती झाले ते आपणहून विचारा. तुमच्याकडे मागायचीही त्यांना क्रेंग-चाई असते, आणि चार वेळा पैसे राहिले की पाचव्या वेळी तुम्हाला खेळाचा निरोप येत नाही.

निरोप येतो तो 'लाइन' या अ‍ॅपवर. तिथे व्हॉट्सअ‍ॅप कुणी उघडत नाही, म्हणून लाइन आजच घ्या आणि आपला क्यूआर कोड पटकन काढता येईल असा ठेवा. प्रोफाइलवर चेहरा दिसणारा फोटो हवा आणि उच्चारायला सोपं, दोन अक्षरांचं नाव हवं. तिथे प्रत्येकाला 'छू लेन' असतं, म्हणजे हाक मारायचं लाडाचं नाव, आणि ऑफिसातही तेच चालतं. माहेरचं लाडाचं नाव असेल तर तेच सांगा. फक्त थाईत त्याचा भलता अर्थ होत नाही ना, हे आधी एखादीला विचारून घ्या. पहिल्या भेटीत कुणी तुमचं वय विचारलं तर खटकू देऊ नका. मोठ्याला 'फी' आणि लहानाला 'नॉंग' म्हटल्याशिवाय त्यांना बोलताच येत नाही. आपण ताई-काकू लावतो तसंच ते आहे, आणि एकदा कुणी तुम्हाला 'फी' लावून तुमच्या नावाने हाक मारली की तुम्ही अनोळखी राहिला नाहीत. गटात लांबलचक इंग्रजी मजकूर पाठवू नका. खेळानंतर काढलेला फोटो त्याच संध्याकाळी टाका, उत्तराला एक स्टिकर पुरे.

भाषा टाळून चालणार नाही. बँकॉकमध्ये इंग्रजीवर निभतं, खोन केनमध्ये इंग्रजी येणारेही लाजेनं बोलत नाहीत. आणि मराठी माणसाला थाई जितकी वाटते तितकी परकी नाही. लिपीतली ४४ व्यंजनं आपल्याच वर्गवारीनं येतात: आधी कवर्ग, मग चवर्ग, असं करत पवर्ग आणि मग य, र, ल, व. आहान म्हणजे आहार, फासा म्हणजे भाषा, ख्रू म्हणजे गुरू. तुमच्या शहरातून जाणारा मोठा रस्ता मित्तराफाप, म्हणजे मित्रभाव. ईसान हे तुमच्या प्रदेशाचं नाव तर सरळ आपलं ईशान्य. अडचण येते ती पाच सुरांची. 'सुअय' हा शब्द प्रश्न विचारल्यासारखा वर चढवत म्हटला तर सुंदर, सपाट म्हटला तर कमनशिबी. कुणाच्या ब्लाउजची तारीफ करताना एवढं लक्षात असू द्या. सूर पुस्तकातून येत नाहीत, म्हणून आठवड्यातून दोनदा समोर बसून शिकवणारी शिक्षिका गाठा. बाकी सराव बाजारात. एकाच भाजीवालीकडे जात राहा. ती विचारेल, 'किन खाव रू यांग?' म्हणजे जेवलीस का? आपल्याकडच्यासारखंच याचं उत्तर मेन्यू सांगून द्यायचं नसतं, 'किन लेव खा', जेवले, एवढं पुरे. ईसानी बोलीतले दोन शब्द आले तर चेहरे खुलतात: चविष्ट असेल तर 'सॅप', आणि काही हरकत नाही या अर्थी 'बो पेन यांग'.

शाकाहार हीच तिथे सगळ्यात मोठी आडकाठी ठरते, कारण थाई मैत्री खाण्याभोवती फिरते. नुसतं मांस नको म्हणालात तर माशाचा रस्सा येतोच. 'किन चे' म्हणा. त्यात मांस, मासे, अंडी, दूध, कांदा, लसूण सगळं बाद होतं. सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, मागवताना स्पष्ट सांगा: 'माय साय प्ला रा, माय साय नाम प्ला, माय साय कुंग हेंग', म्हणजे आंबवलेले मासे, माशाचं पाणी आणि सुकट घालू नका. गट डुकराच्या मांसाच्या शेगडीवर, मू क्रथावर जेवायला निघाला तरी जा. आधी चार घास खाऊन जा, तिथे चिकट भात आणि फळं घ्या. भात हाताने, लहान गोळी करून खातात, त्यात तुम्हाला कुणी शिकवायला नको. दोनदा नाही म्हणालात की तिसऱ्यांदा बोलावणार नाहीत. हा राग नसतो, तुम्हाला संकोच नको म्हणून तेच माघार घेतात.

चिनी नवव्या महिन्यात, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुमारास, नऊ दिवस चे-व्रत असतं. पिवळ्या निशाणांवर लाल अक्षरं दिसू लागली की समजा आलं. त्या नऊ दिवसांत तुमचं खाणं हेच पुष्कळांचं खाणं असतं. शेजारीणबाईंना बाहेर खायला न्यायचं ते तेव्हा, संध्याकाळी पाचला, चे-स्टॉलवर. आणि घरून काही द्यायचं तर तेलात केलेला, कांदा-लसणाशिवायचा पातळ पोह्यांचा चिवडा. तूप आणि दूध त्या दिवसांत चालत नाही. पिशवी मूठभरच द्या; मोठा डबा दिला की त्यांना तेवढीच मोठी परतफेड करावी लागते.

तुम्ही भारतीय आहात म्हटल्यावर लवकरच कुणी विचारेल, आम्हाला योग शिकवाल का? इंग्रजी शिकवाल का? इथे सावध राहा. वर्क परमिटशिवाय शिकवणं महागात पडतं, आणि पैसे न घेता केलं म्हणजे सुटलं असं समजू नका. प्रांताच्या रोजगार कार्यालयात विचारल्याशिवाय हो म्हणू नका. तोवर योगवर्गात विद्यार्थिनी म्हणून जा. 'खेक' हा शब्दही कानावर पडेल. त्याचा एक अर्थ पाहुणा आणि दुसरा भारतीय उपखंडातला माणूस. बहुतेक वेळा त्यामागे वाईट हेतू नसतो. आवडत नसेल तर हसून आपलं नाव सांगा.

परदेशी लोकांचं वर्तुळही शोधा, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. ईसानमध्ये ते मुख्यतः थाई बायकांशी लग्न केलेले निवृत्त गोरे पुरुष आणि इंग्रजीचे शिक्षक यांचं असतं. शाळांचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि शिक्षक तेव्हाच शहर बदलतात. वर्षभराची मैत्री आठवड्यात मोकळी होते. विद्यापीठातल्या परदेशी संशोधकांच्या बायका तुमच्यासारख्याच घरी असतात, त्यांच्याशी जास्त जुळेल. थायलंडमध्ये कापडाच्या व्यापारातली पंजाबी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. जवळ गुरुद्वारा आहे का बघा, लंगरला कुणीही जाऊ शकतं. बँकॉकची मराठी मंडळी साडेचारशे किलोमीटरवर. वर्षातून एखाद्या कार्यक्रमाला जाऊन या, मन भरून येईल, पण मंगळवारची संध्याकाळ त्यानं भागत नाही.

नवऱ्याच्या ऑफिसमधून बोलावणं आलं तर कधीही चुकवू नका, विशेषतः अंत्यविधीचं. तिथे काही रात्री भिक्षूंचं पठण चालतं. काळे किंवा पांढरे साधे कपडे, पाकिटात पैसे (किती ते सहकाऱ्यालाच विचारा), अर्धा तास शांत बसणं. भाषा लागत नाही आणि तुम्ही आलात हे त्या घरात कुणी विसरत नाही. लग्नाचं निमंत्रण पाकिटातून आलं तर आहेर त्याच पाकिटात घालून न्यायचा. ओक फन्साला, म्हणजे भिक्षूंचा चातुर्मास संपल्यावर, महिनाभर कथिनाच्या, म्हणजे भिक्षूंना वस्त्रं अर्पण करण्याच्या, मिरवणुका निघतात; त्यात चालायला कुणालाही मुभा असते. फक्त भिक्षूच्या हाती बाईनं थेट काही द्यायचं नसतं, तो कापड पसरतो त्यावर ठेवायचं.

नव्या ओळखीत कुणी लवकरच उसने पैसे मागितले किंवा मालविक्रीच्या सभेला नेलं, तर हसून नाही म्हणा आणि ती ओळख तेवढ्यावरच ठेवा. हॉटेलात बोलावणारा किंवा वयानं मोठा असेल तो बिल देतो. वाटून घ्यायचं असेल तर त्याला 'अमेरिकन शेअर' म्हणतात. राजघराण्याबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलू नका, राजघराण्याच्या अपमानाला दंडसंहितेच्या कलम ११२ खाली तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा आहे. आणि सुरुवातीचे महिने एकटेपणाचं गाऱ्हाणं त्यांच्यापाशी मांडू नका. तिथे आधी सोबत हसणं जमतं, मग रडणं. ते गाऱ्हाणं नाशिकच्या मैत्रिणीला रात्री फोनवर सांगा, रोज सांगा.

नोव्हेंबरच्या अखेरीला खोन केनला रेशीम महोत्सव सुरू होतो, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तो संपतो. जवळच्या चोन्नबोतचं मद्मी रेशीम तिथे येतं; बाण्याचे धागे आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात. येवल्याची पैठणी असेल तर नेसून जा, विणकर बायका पदर उलटून पाहतीलच आणि मग भाषेवाचून अर्धा तास जाईल. याच महोत्सवात 'फूक सिआओ' होतो. ईसानीत सिआओ म्हणजे जिवाभावाचा मित्र, आणि फूक म्हणजे बांधणं. मनगटाला पांढरा सुती दोरा बांधून दोघी जन्माच्या मैत्रिणी होतात. हा शब्द बँकॉककराला उद्देशून वापरू नका, तिकडे त्याचा अर्थ गावंढळ असा होतो. आणि स्वतःहून कुणाला सिआओ म्हणायची घाई नको. पण तळ्यावरची किंवा कुआनमधली एखादी या वर्षी किंवा पुढच्या वर्षी तुमचा हात हातात घेऊन दोरा बांधू लागली, तर दुसरा हात नमस्काराच्या अर्ध्या मुद्रेत उचलून धरा आणि ती पुटपुटते ते संपेपर्यंत हलू नका. दोरा किमान तीन दिवस ठेवायचा असतो. भांडी घासताना भिजला तरी चालतो. काढताना कात्री लावायची नाही, गाठ सोडायची.